वाहनात वाहन : मखमलाबादच्या मळ्यात उभ्या राहिलेल्या एका कॅम्पर गाडीचं प्रकरण

दिवाळीच्या तोंडावर काकांचा फोन आला. "गाडी सुरू होतेय, पण मागचे दिवे लागत नाहीत. आतला पाण्याचा पंपही बंद. आणि जरा वास येतोय." कसला वास म्हणून विचारलं तर काका घुटमळले. मागून काकूंचा आवाज आला, "मेलेल्या उंदराचा! सरळ सांगा की."

गाडी मीच बांधलेली. त्यामुळे या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सापडलेल्या भोकांपैकी दोन माझ्याच ड्रिलची होती.

गाडी आणि तिची जागा

नाशिकमधल्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. पोटापाण्याचं काम ऑटो इलेक्ट्रिकचं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर लोक विचारायला लागले आणि मीही चार-पाच गाड्या राहण्याजोग्या करून दिल्या. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आम्ही सीटा काढून आत पलंग, छोटा ओटा, बेसिन, शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, सत्तर लिटरची टाकी, वेगळी बॅटरी आणि छतावर सोलर बसवलं. सोसायटीत पार्किंग एकच, तिथे कार. म्हणून ही गाडी मखमलाबादला काकूंच्या भावाच्या मळ्यात असते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणतो.

मे महिन्यात दोघं कोकण करून आले. जूनच्या सुरुवातीला गाडी कांद्याच्या चाळीला लागून उभी केली. वर ताडपत्री टाकली, ती पार चाकांपर्यंत. काकांच्या मते पावसापासून बंदोबस्त झाला. उंदराच्या बाजूनं पाहिलं तर कोरडी, अंधारी, वारा न लागणारी, खालून उघडी आणि वरून झाकलेली अशी जागा मळ्यात दुसरी नव्हती. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, कांद्याला खालून हवा लागावी म्हणून. त्या पोकळीत उंदीर राहतातच. कांद्याला ते फारसे विचारत नाहीत, पण चाळीच्या टोकाला सरकी पेंडेची आणि भुशाची पोती होती. जुलैत पावसाचा जोर झाला, बिळांत पाणी शिरलं आणि बिऱ्हाडं वर सरकली.

ऑगस्टअखेर काका इंजिन फिरवायला गेले तेव्हा ओट्यावर लेंड्या दिसल्या होत्या. पण गणपती बसलेले. काकूंनी बजावलं, विसर्जन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाप्पाचं वाहन आपल्या वाहनात आलंय म्हणून घरात हसणंही झालं. मला भाविकपणाबद्दल काही म्हणायचं नाही, फक्त हिशेब सांगतो. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि विल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. मारायचं नव्हतं तर निदान त्या दहा दिवसांत ताडपत्री काढून बॉनेट उघडं ठेवता आलं असतं, गाडी चाळीपासून हलवता आली असती. तसं कुणाला सुचलं नाही. अनंत चतुर्दशी झाली आणि मळ्यातल्या गड्यानं, कुणाला न विचारता, पलंगाखाली विषाच्या वड्या सरकवून दिल्या.

विषाचं काय झालं

रविवारी सकाळी आम्ही मळ्यात गेलो. दार उघडल्याबरोबर काकूंनी पदर नाकाला लावला. वास सगळीकडे सारखाच होता, पण डाव्या बाजूच्या प्लायच्या सांध्यावर हिरव्या-निळ्या माश्या बसत होत्या, उडत होत्या, पुन्हा तिथेच बसत होत्या. अशा वेळी नाकापेक्षा माशी खरी. तिथले स्क्रू काढायला घेतले. एका पॅनेलला अठरा स्क्रू, आणि ते मीच मारलेले, त्यामुळे कुरकुर करायची सोय नव्हती.

आत इन्सुलेशनच्या फोममध्ये दोन मोठे उंदीर मेलेले होते. त्यांच्या खाली घरटं: फोमचा भुगा, काकूंच्या गोधडीतला कापूस, पिशवीचे प्लास्टिकचे दोरे, आणि भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरचा कुरतडलेला कोपरा. त्यावर एकादशीचा लाल आकडा अजून वाचता येत होता. काकूंनी तो बराच वेळ पाहिला.

"औषध खाल्लं की त्यांना तहान लागते, पाण्यासाठी बाहेर जातात आणि बाहेरच मरतात," असं गड्याचं म्हणणं. हे मी नाशिकमध्ये किमान पन्नास जणांकडून ऐकलं असेल. दुकानात मिळणाऱ्या या वड्यांत बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर खातो, आपल्या जागी जातो आणि तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानं, आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. तहानेचा आणि बाहेर जाण्याचा काही संबंध नाही. आजारी जनावर उलट सगळ्यात आडोशाची जागा धरतं. घरात ती जागा माळा असतो, गाडीत ती तुमच्या उशीमागची पोकळी.

गड्याकडे आणखी एक उपाय तयार होता: धान्याच्या कोठीत ठेवतात त्या गोळ्या. मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद जागेत तो माणसालाही सोडत नाही. ज्या डब्यात दोन माणसं झोपणार, तिथे त्या गोळीला जागा नाही. आप्पांना हे माहीत होतं. गडी नवा होता.

उरलेल्या वड्या मोजून गोळा केल्या. आठ ठेवल्या होत्या, तीन मिळाल्या. मळ्याच्या विहिरीजवळच्या झाडावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे, विषानं सुस्तावलेला उंदीर त्यांनी उचलला तर विष तिथेही पोचतं, हे सांगितल्यावर आप्पांनी मळ्यातल्या बाकीच्या वड्याही उचलायला लावल्या. घुबडं फुकट काम करतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

साफसफाई, घाईनं सांगतो

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. धूळ उडते आणि नाकात जाते. हातमोजे आणि मास्क लावून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडलं, पाच-दहा मिनिटं भिजू दिलं, मग कागदानं उचलून पिशवीत बांधलं. उंदराच्या लघवीतून लेप्टो हा तापाचा आजार पसरतो, आपल्याकडे पावसाळ्यात त्याचे रुग्ण दरवर्षी असतात. गोधडी गरम पाण्यातून काढली. गादी टाकून दिली. पाण्याची टाकी आणि नळ्या क्लोरीननं धुतल्या.

वायर

मागचे दिवे आणि पंप का बंद, ते पॅनेल उघडल्यावर दिसलंच. हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यातल्या, पाच वायरी तुटलेल्या, आणखी तीन सोललेल्या. त्यातली पंपाची लाल वायर मी कापून वर्कशॉपमध्ये टांगून ठेवली आहे, नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला. इन्सुलेशनवर दातांच्या जोड खुणा आहेत, शेजारी शेजारी दोन चर, जणू कुणी बारीक पटाशी फिरवली. आतलं तांबं उघडं पडून गाडीच्या पत्र्याला टेकलं आणि फ्यूज उडाला. फ्यूज बॅटरीला लागूनच बसवलेला होता म्हणून बरं. तो पुढे पंपापाशी असता तर मधली सगळी वायर तापली असती, आणि तिच्याभोवती होता कापूस आणि फोमचा भुगा.

लोक म्हणतात, हल्ली वायरीचं आवरण सोयाबीनपासून बनवतात म्हणून उंदीर खातात. पण जुन्या गाड्यांच्या वायरीही उंदीर पूर्वीपासून तोडत आलेत. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला काही तरी लागतं आणि वायर नेमकी तोंडात मावते. होंडानं तिखटाचा अंश असलेली, वायरीवर गुंडाळायची टेप काढली आहे. आपल्याकडे ती सहज मिळत नाही. मी नव्या वायरी जाड फ्लेक्सिबल पाइपात घालून त्या भिंतीच्या पोकळीऐवजी वरच्या पट्टीतून, दिसतील अशा नेल्या. दिसायला थोडं खराब दिसतं. काकूंनी आधी नाक मुरडलं, मग म्हणाल्या, "असू दे. दिसेल तरी, काही झालं तर."

वाट शोधणं

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि यालाच सगळ्यात कमी पैसे लागले. आधी रांगोळी. काकूंच्या डब्यातली पांढरी रांगोळी चाळणीनं फरशीवर, पलंगाखाली, ओट्याखाली आणि ड्रायव्हरच्या सीटजवळ अगदी पातळ पसरली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ओट्याखाली पावलांची रांग आणि मध्ये शेपटीची रेघ, ड्रायव्हरच्या पायापाशी दुसरी रांग. म्हणजे आत अजून कुणी तरी होतं, आणि वाटा किमान दोन.

मग संध्याकाळी अंधार पडल्यावर उजेडाची परीक्षा. काका आत मोठा दिवा घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरले, मी खाली पोत्यावर उताणा. जिथून उजेड गळतो तिथे खडूनं खूण करायची. काका वरून विचारायचे, "दिसतंय का?" आणि मी खालून "थांबा" म्हणायचो. तासाभरात अकरा खुणा झाल्या. नंतर प्रत्येक खुणेत पेन्सिल घालून पाहिली. लहान घरउंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण १२. पेन्सिल गेली तर लहान उंदीर जातो, अंगठा गेला तर मोठाही जातो. सातांत पेन्सिल गेली, तिघांत अंगठा.

पहिलं बेसिनच्या सांडपाण्याचं. पाइप २५ मिलिमीटरचा, भोक मी ४० चं पाडलेलं, कारण त्या दिवशी होल-सॉचं तेच पातं हाताशी होतं. उरलेली जागा स्प्रेच्या फोमनं भरली. फोम फुगतो, घट्ट बसतो, वरून सुरेख दिसतो. उंदराच्या दाताला तो भाकरीच्या पापुद्र्याइतका. खालून पाहिलं तर फोमच्या मधोमध गोल गुळगुळीत बोगदा होता आणि कडेला काळपट तेलकट पट्टा, सारख्या ये-जा करणाऱ्या अंगाचा.

दुसरं इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातलं. कंपनीनं तिथे वायरी जायला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात घट्ट बसणारी कडी, दिलेला असतो. दुसऱ्या बॅटरीची जाड केबल नेताना मी तो ग्रोमेट ब्लेडनं चिरला आणि नवा घालायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे घातला नाही. तिथूनच ड्रायव्हरच्या पायापाशी दिसलेली ती रांग. त्याच बाजूला, काचेखालच्या जाळीतून हवा आत घेणाऱ्या ब्लोअरमध्ये दुसरं घरटं निघालं, फिल्टरच्या कागदाचं.

तिसरं सिलिंडरच्या कप्प्याचं, आणि इथे मी जवळजवळ मोठी चूक करणार होतो. कप्प्याच्या तळाला मुद्दाम ठेवलेलं भोक आहे. अंगठा सहज जातो. उंदीर आणि किडे नको तर सगळी भोकं बंद करा या झपाट्यात मी त्यावरही पत्रा मापून घेतला होता. काकांनी विचारलं, "हे पण?" आणि माझा हात थांबला. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली बसतो आणि खालच्या भोकातूनच बाहेर पडतो. ते भोक बुजवलं की गळलेला गॅस पलंगाखाली साचणार. हे भोक उघडंच राहायला हवं.

काय केलं

क्रम महत्त्वाचा होता. आत उंदीर असताना भोकं बुजवली असती तर पुन्हा तोच वास आला असता. म्हणून आधी पिंजरे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन रात्री पिंजऱ्याचं दार तारेनं उघडं बांधून आत नुसतं भजं ठेवलं. भजं रोज संपत होतं. चौथ्या रात्री तार काढली. पाच रात्रींत तीन उंदीर आणि एक चिचुंद्री. चिचुंद्रीचं लांब नाक आणि उग्र वास ओळखून तिला बांधावर सोडून दिलं. ती उंदराच्या जातीची नाही आणि झुरळं खाते. चिकट पॅड मी वापरत नाही. त्यावर तडफडणारं जनावर सकाळी काकूंनी बघावं असं मला वाटलं नाही.

सलग तीन सकाळी रांगोळी कोरी निघाली, मग भोकं. मोठ्या भोकांवर ॲल्युमिनियमचा पत्रा, पॉप रिव्हेट आणि कडेनं सीलंट. पाइपाभोवती स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची घासणी दाबून भरली आणि वरून सीलंट. साध्या तारेची घासणी इगतपुरीच्या एका पावसात गंजून भुगा होते, म्हणून स्टेनलेसच. ग्रोमेट नवा, योग्य मापाचा. ब्लोअरच्या तोंडावर ६ मिलिमीटरची स्टेनलेस जाळी.

गॅसच्या भोकालाही तीच जाळी, पण जाळीच्या तारा जागा खातात म्हणून भोक आधी मोठं केलं. डासांची बारीक जाळी तिथे लावायची नाही, कारण ती रस्त्यावरच्या चिखलानं आणि धुळीनं बुजते. आणि फक्त चिखलानंच नाही. त्या भोकाच्या आतल्या कडेला मातीचं बोटाएवढं नळकांडं चिकटलेलं होतं. कुंभारणीचं, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या माशीचं, घर. फोडलं तर आतून सुकलेले कोळी पडले, सात-आठ, तिनं पिल्लासाठी भरून ठेवलेले. आणखी एक पावसाळा गेला असता तर अर्धं भोक तिनंच लिंपलं असतं. आता दर महिन्याला काका तिथे बोट फिरवून बघतात.

जाळी, सीलंट, पत्रा मिळून अडीच हजारांच्या आत झालं. वायरिंगचे सात हजार. ग्रोमेट आणि पाइपाच्या भोकाचे पैसे मी घेतले नाहीत.

गाडी चाळीपासून हलवून पंचवीस फुटांवर कोब्यावर उभी केली. ताडपत्री फक्त छतापुरती. दर आठवड्याला इंजिन फिरवायचं आणि तासभर बॉनेट उघडं ठेवायचं, हे काम आप्पांच्या नातवानं आवडीनं घेतलं. काकांनी बॉनेटखाली तंबाखूची पानं आणि डांबराच्या गोळ्या टांगल्या होत्या, त्या मी काढल्या. गोळ्यांचा वास ब्लोअरमधून केबिनमध्ये येतो आणि माणसाला बाधतो. तंबाखूच्या पानांजवळ ब्लोअरमधलं घरटं हातभर अंतरावर होतं, त्यावर आणखी काय बोलायचं. आवाजानं उंदीर पळवणारं यंत्रही होतं, चालू स्थितीत. अशा यंत्रांच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच साठहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती. काकांनी ते भावाला देऊन टाकलं.

किड्यांचं

झुरळं उंदरांबरोबर आलेली नव्हती. ती लहान, तपकिरी, जर्मन म्हणतात ती होती आणि ओट्याखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत निघाली. द्राक्षांच्या हंगामातली पॅकिंगची रिकामी खोकी काकूंनी भांडी ठेवायला नेली होती. पुठ्ठ्याच्या नागमोडी पोकळीत झुरळं सहज दडतात आणि मादीच्या अंड्यांच्या एका पिशवीत तीस-चाळीस अंडी असतात. खोकी जाळली. बिजागऱ्यांत आणि ओट्याच्या मागे जेलचे बारीक थेंब लावले आणि फवारा मारायचा नाही असं बजावलं, कारण फवाऱ्याच्या वासानं झुरळ जेलपाशी येत नाही. तीन आठवड्यांत संपली. बेसिनच्या पाइपाला वळण होतं, पण गाडी उभी राहिली की वळणातलं पाणी आटतं आणि वाट मोकळी होते. म्हणून उभ्या गाडीत बेसिनला बूच.

खाण्याच्या वस्तूंवरून काकूंशी थोडी घासाघीस झाली. कुरडया, भगर, शेंगदाणे, लाडू सगळं पिशव्यांत होतं. आता स्टीलचे डबे, आणि गाडी उभी करताना तेही घरी. मुंग्यांसाठी काकूंनीच मार्ग काढला. त्यांच्या माहेरी दुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. चाकं वाट्यांत ठेवता येत नाहीत, पण बाहेरून वीज घ्यायची केबल हा मुंग्यांचा पूलच असतो. काकू ती आता पाण्याच्या बादलीतून, जोड वर ठेवून नेतात. जोड वर म्हणजे काठाच्या वीतभर वर, हे मी दोनदा सांगितलं.

पुढची तपासणी

जानेवारीत दोघं भंडारदऱ्याला जाऊन आले. रांगोळी कोरी, वायरी शाबूत. जूनमध्ये गाडी पुन्हा मळ्यात लागली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकांनी फोटो पाठवला, रांगोळीत पावलं. पोटात गोळा आला. फोटो मोठा करून पाहिला तर पाऊल पसरट, पाच बोटं फाकलेली, मध्ये शेपटीची नागमोडी रेघ. पाल होती.

काकू म्हणाल्या, राहू दे, डास खाईल. मलाही पालीचं वावडं नाही. पण पाल आली म्हणजे कुठे तरी फट होती, म्हणून शनिवारी पुन्हा पोतं घेऊन गेलो. मागच्या दाराचं रबर खालच्या डाव्या कोपऱ्यात बसून चपटं झालं होतं. पेन्सिल अर्धी गेली आणि अडकली. सोमवारी नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानातून नवं रबर आणलं, बसवलं आणि पेन्सिल काकांच्या खिशात ठेवून दिली.